उथळ जाळी

२७ जून २००९

डेल्बर्ट,

फोन तू उचलत नाहीस, आणि निरोप धाडला तर निरोप्यालाच दोन शब्द सुनावून परत पाठवतोस. म्हणून पत्र. पत्राला उलटं बोलता येत नाही, तेव्हा तुझं-माझं यातच जमेल. फाडून टाकलंस तर दुसरं लिहीन. उन्हाळ्यात शाळेची बस बंद असते, या बस-ड्रायव्हर बाईला वेळच वेळ आहे.

तर ऐक. तुझी लेक शिबिराला गेली, आठवडाभर जाळीच्या काठीने चेंडू झेलत-मारत खेळली, आणि अंगावर एक नवीन जखम न घेता परत आली. तिच्यामुळे दुसऱ्या तिघींना लागलं, ते वेगळं.

मी कुणाची बाजू घेत नाही. (घेते. तुला माहीत आहे कुणाची.) मार्चमध्ये तू त्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणालास, "हा खेळ सृष्टिकर्त्याने बाप्यांना दिला. पोरीच्या हातात काठी दिसली तर या घरात मी काठ्या घडवणार नाही." चेरिलने मायलाच्या शिबिराच्या कागदावर सही केली. आणि आपल्यात घर बायकोचं असतं हे तू त्या रागात विसरलास, म्हणून घर जागेवर राहिलं आणि रंधे, चाकू घेऊन तूच तिकडे अक्वेसास्नेला दुसऱ्या जमातीत, मोहॉक लोकांत जाऊन बसलास. शेड तशीच आहे. झाडून घ्यायला गेले तर कोपऱ्या-कोपऱ्यात तुझ्या त्या सूर्यफुलाच्या बियांची सालं. माणूस काम करतो की पोपट, कळत नाही.

आता तू म्हणशील, मोठ्यांनी परवानगी दिली का? दिली. ग्लॅडिस आजींकडे मी स्वतः गेले होते. त्या मायलाच्या कुळाच्या आई, त्यांचा शब्द तुझ्या-माझ्यावर. आजी म्हणाल्या, "लाकडी काठीसाठी झाड पाडतात, झाडाची परवानगी मागतात, ती औषधाची, पवित्र वस्तू. तिला बायकांनी हात लावायचा नाही, म्हणजे नाही. प्लॅस्टिकला कुणी कधी परवानगी मागितली? तो निराळा खेळ आहे. खेळू दे पोरीला." हे तुला तेव्हाच सांगणार होते, पण तू ट्रक सुरू केलास.

शिबिराची गंमत सांगते. बाकीच्या मुली चाकांच्या बॅगा ओढत आल्या होत्या, आपली मायला बटाट्याच्या पोत्यात बूट घेऊन. पहिल्याच दिवशी तिने एकीला खांद्याने असं उडवलं की ती थेट पाण्याच्या पिंपाशी जाऊन बसली. मुलींच्या खेळात धक्का देत नाहीत! तिला कोण सांगणार? ती चुलतभावांबरोबर शिकलेली. तिला बाहेर काढलं. आत घेतलं. परत काढलं. संध्याकाळी व्हॅनमध्ये मला म्हणते, "आत्या, हा खेळ म्हणजे कुणाला न शिवता पळायचं. किती अवघड आहे! मला खूप आवडला."

आणि तिथल्या बाईंनी तिला एकच गोष्ट बजावली, डावा हात. उजव्याने सगळेच मारतात म्हणे. तेव्हापासून ती सूप डाव्या हाताने पिते, दात डाव्या हाताने घासते. चेरिलच्या टेबलक्लॉथवर मक्याचं सूपच सूप आहे.

तुझी मोठी बहीण,
रोझलिन

१६ जुलै २०१०

डेल्बर्ट,

गेल्या वर्षभरात तुझं एकही उत्तर नाही. पण पत्रं परत आली नाहीत, म्हणजे तू ती घेतोस. घेतोस म्हणजे वाचतोस. लहानपणी माझ्या वह्याही वाचायचास.

यंदा तिची निवड मोठ्या शिबिरात झाली, त्या टेकडीवरच्या कॉलेजात. रोज मीच नेते-आणते, आणि दिवसभर कुंपणाशी खुर्ची टाकून बसते. तिथल्या मुख्य बाईंचं नाव हॅडली. बारीक बाई, पण शिट्टी अशी वाजवते की माझ्या कानठळ्या बसतात. कुणाला "छान" म्हणत नाही. मुलगी चांगली खेळली की नुसतं "परत कर" म्हणते.

डावा हात आला, डेल्बर्ट! मी डोळ्यांनी पाहिला. समोरची पोरगी उजवीकडे अडवायला गेली, आणि मायलाने काठी या हातातून त्या हातात घेतली आणि डावीकडून चेंडू असा मारला की गोलवालीने हात हलवलाच नाही. मी खुर्चीसकट उलटी पडले. हसू नकोस, कोपर सुजलंय.

हॅडली बाईंनी खेळ थांबवला. मला वाटलं, झालं, पुन्हा कुणाला उडवलं हिने. पण त्यांनी तिचं मनगट धरून बघितलं. पळताना चेंडू जाळीत झुलवत ठेवायची तिची जी पद्धत आहे ना, ती.

"हे तुला कोणत्या शिबिरात शिकवलं?"

"शिबिरात नाही. माझे बाबा काठी तयार झाली की अशी झुलवून बघतात. मी दारातून बघायची."

दारातूनच. शेडच्या आत पाऊल टाकायचं नाही, काठीला हात लावायचा नाही, पण डोळे कुणी बांधले नव्हते तिचे. हॅडली बाई म्हणाल्या, "परत कर."

बाकी तिथे व्यवस्था एकदम झकास. फक्त मैदानाच्या टोकाला जो मोठा मेपल आहे, त्याखाली कुणीतरी बियांची सालं थुंकून घाण करून ठेवली होती. हल्लीच्या पोरांना वळण म्हणून नाही.

चेरिल बरी आहे. तुला पत्रं लिहिते का, हे तिने मला विचारलं नाही, मीही तिला काही सांगितलं नाही.

रोझलिन

१३ जुलै २०११, बुधवार

डेल्बर्ट,

तुझ्याकडे निघालेला लेरॉय ट्रक चालू ठेवून दाराशी उभा आहे आणि हॉर्न वाजवतोय. त्याला वाजवू दे. या पत्राबरोबर एक पिशवी आहे. ती आधी उघडू नकोस. आधी वाच.

यंदाचं शिबिर शेवटचं. शनिवारी सकाळी मोठा सामना आहे आणि तो बघायला कॉलेजांचे प्रशिक्षक खुर्च्या मांडून बसणार आहेत. हॅडली बाईंनी मायलाला सांगितलंय, शनिवारी मैदानात दिसलीस तर कॉलेजात जाशील, बाकावर बसलीस तर तुझ्यासाठी मी भांडू शकत नाही. एवढी सोपी गोष्ट आहे. दोन उन्हाळे पोरीने याच दिवसासाठी घाम गाळलाय.

आणि सोमवारी, पहिल्याच दिवशी, सगळं फिसकटलं.

उद्घाटनाला पाहुणे आले, फोटोवाले आले. हॅडली बाईंच्या मनात आलं, ज्यांचा हा खेळ त्यांच्याच मुलीच्या हातून सुरुवात करावी. हेतू चांगलाच. त्यांनी कॉलेजच्या काचेच्या कपाटातून एक काठी आणली. हिकरीच्या लाकडाची, जुनी, आपल्याच कुणीतरी घडवलेली, चामडं वाळून काळं पडलेलं. सगळ्यांसमोर त्यांनी ती मायलापुढे धरली.

मायलाने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"धर ना," बाई हसून म्हणाल्या, "चावत नाही."

"नाही, मॅडम."

"फक्त फोटोपुरती."

"नाही. मी नाही धरणार."

एक पाहुणा कुजबुजला, आणि त्याची कुजबूज माझ्या कुंपणापर्यंत आली, "डोक्यात हवा गेलीय." दुसऱ्या एका मुलीने काठी धरली, फोटो निघाला. आणि मंगळवारी मायला बाकावर. कर्णधाराची पट्टी दुसरीच्या दंडावर.

मी व्हॅनमध्ये तिला धारेवर धरलं. म्हटलं, "मूग गिळून उभी होतीस का? सांगायचं ना त्यांना, आमच्यात बायका लाकडी काठीला शिवत नाहीत!"

"सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग प्लॅस्टिकची कशी चालते? याच प्रश्नावर आमच्या घरातला माणूस निघून गेला, आत्या. मी त्या फोटोवाल्यासमोर काय उत्तर देऊ?"

"मग धरायची होतीस एकदा. तुझ्या बापाला तिकडे कुठे कळणार होतं?"

"मला कळलं असतं ना," ती म्हणाली.

डेल्बर्ट, मी गाडी बाजूला घेतली. मला रस्ता दिसेना. जिला तू म्हणालास की हिने रीत मोडली, तिने ती रीत पाळली. जिथे पाळायला सांगणारं कुणी नव्हतं तिथे पाळली, आणि तिची किंमतही दिली. तुझी पोरगी आहे ती. नखशिखान्त तुझी. मला तिचा इतका अभिमान वाटला आणि तुझा इतका राग आला की दोन्ही एकदम मावेनात.

मग मी तिला न सांगता हॅडली बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे मीसुद्धा धरायला नको होती?" मी म्हटलं, "तुमच्यावर तो नियम नाही. पण ती काठी तुमच्या कपाटात कशी आली, हा दुसरा प्रश्न आहे. तो शनिवारनंतर." बाईंनी मायलाला बोलावून सगळ्या मुलींसमोर माफी मागितली. मग म्हणाल्या, "जा, खेळ." आणि मायला खेळायला गेली आणि पहिल्याच झटापटीत तिच्या काठीची जाळी फाटली. तीन वर्षांचं चामडं, पावसात भिजून भिजून कुजलेलं. उरलेलं तिने रागाने कापून फेकून दिलं.

पिशवीत तिच्या काठीचं डोकं आहे. जाळी विणायची नुसती रिकामी चौकट, प्लॅस्टिकची. मायलाला सांगितलंय की शहरातल्या दुकानात दिलंय. शहरात दुकान आहे, मला माहीत आहे. तरी ते तुझ्याकडे पाठवतेय.

प्लॅस्टिकला हात लावायचा नसेल तर चिमट्याने धर. लेरॉय शुक्रवारी परत निघतो.

रोझलिन

१४ जुलै, गुरुवार

डेल्बर्ट, डेल्बर्ट,

हे पत्र तुला सोमवारी मिळेल, म्हणजे याचा उपयोग शून्य. पण लिहिलं नाही तर मी फुटेन.

खोली! मी जाळीची खोली लिहायचीच विसरले!

आज कुंपणाशी बसले होते आणि पंच मुलींच्या काठ्या तपासत होते. जाळीत चेंडू टाकायचा आणि डोळ्यासमोर आडवी धरून बघायचं. चेंडूचा माथा काठाच्या वर दिसला तर ठीक. काठाखाली गेला तर काठी बाद. मुलींच्या खेळात जाळी उथळ लागते, बशीसारखी. आणि तू आयुष्यभर विणलीस ती बाप्यांची जाळी, ज्यात चेंडू सुपाच्या वाडग्यातल्या बटाट्यासारखा बुडून बसतो. आपले आजे-पणजेही तसंच विणायचे. बोटांनाच ती सवय. तू डोळे मिटून विणशील आणि खोलच विणशील!

हे फक्त आपल्यातच होऊ शकतं. बाकी कुठल्या आत्याने पोरीची काठी दुकानात दिली असती.

मी तुला फोन केला. वाजत राहिला. परत केला. परत वाजत राहिला. तुझ्या त्या शेजाऱ्याला केला, तो म्हणाला तू सकाळपासून दार लावून बसलायस. म्हटलं, दार ठोका. म्हणाला, "बाई, त्याचं दार ठोकायला मी अजून जिवाला कंटाळलेलो नाही."

इकडे मायला उसनी काठी घेऊन सराव करतेय आणि तिच्या हातून चेंडू निसटतोय. साधा, लहान मुलीनेही झेलावा असा चेंडू. हॅडली बाई "परत कर" म्हणतात, आणि या वेळी ते कौतुक नसतं. "आत्या, दुकानातून कधी येणार माझी काठी?" असं ती दर तासाला विचारते, आणि मी दर तासाला खोटं बोलते.

मी काय करून बसले रे.

रोझलिन

१६ जुलै, शनिवार

डेल्बर्ट!

अक्षर समजून घे. व्हॅनच्या स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहितेय. मागच्या सीटवर मायला पाय वर करून झोपलीय, बुटांसकट, आणि आज मी तिला काही बोलणार नाही.

सकाळपासून सांगते. लेरॉय काल यायचा, तो आलाच नाही. आज सामन्याची वेळ झाली, प्रशिक्षक आपापल्या खुर्च्यांवर, मुली ओळीत उभ्या, पंच बाई एकेक काठी तपासत पुढे सरकतायत, आणि मायला उसनी काठी घेऊन शेवटची. तेवढ्यात लेरॉयचा ट्रक थेट गवतावर! मैदानाचा माळी ओरडत मागे धावतोय, लेरॉय खिडकीतून पिशवी फडकावतोय. मी गेली पंधरा वर्षं पळाले नव्हते. आज पळाले.

पिशवीत चिठ्ठी नव्हती. शोधली मी. तू तो तूच.

पण डोकं विणलेलं होतं. हरणाच्या चामड्याच्या वाद्या, धुरावर धरलेल्या, आणि तळाशी तुझी ती गाठ, दोनदा वळसा घालून आत दडवलेली. मी काही बोलायच्या आधीच मायलाने ते माझ्या हातातून घेतलं. नाकाशी नेलं. डोळे मिटून उभी राहिली पोर. मग म्हणाली, "दुकानात धुराचं चामडं कधीपासून मिळायला लागलं, आत्या?"

मी म्हटलं, "बाळा, ऐक माझं. हे बाबांनी विणलंय, पण त्यांना उथळ-खोल काही माहीत नाही. मी सांगायला विसरले. तपासणीत बाद झालं तर सगळ्यांसमोर होईल. उसनी काठीच घे."

"बाबांनी प्लॅस्टिकला हात लावला," ती म्हणाली, "आणि मी उसनी घेऊ?" तिने डोकं दांड्यावर चढवलं आणि ओळीत जाऊन उभी राहिली. चेंडू टाकूनसुद्धा बघितला नाही.

पंच बाई आल्या. त्यांनी चेंडू जाळीत टाकला, अंगठ्याने हळूच दाबला, सोडला. काठी डोळ्यासमोर आडवी धरली. मी कुंपणाची तार अशी आवळून धरली होती की तळहातावर अजून वळ आहेत.

चेंडूचा माथा काठाच्या वर होता! नखभर वर. त्याहून जास्त नाही, कमी नाही. त्या बाईंनी परत एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "इतकी नेमकी जाळी मी आजवर पाहिली नाही. कुणी विणली?"

"माझ्या बाबांनी," मायला म्हणाली, आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी म्हणाली.

सामन्याचं काय सांगू! आपण एका गोलाने हरलो आणि मला त्याचं काडीचं दुःख नाही. पाच गोल मारले तिने. त्यातले दोन डावीकडून, लागोपाठ, त्या मेपलच्या बाजूच्या कोपऱ्यातून. चेंडू तिच्या जाळीत असा राही की जणू त्याला बाहेर यायचंच नाही, आणि ती म्हणेल तेव्हाच सुटे. एक प्रशिक्षक खुर्चीवरून उठून उभी राहिली आणि शेवटपर्यंत बसलीच नाही. सामना संपल्यावर ती सरळ मायलाकडे गेली. पुढच्या वर्षी, शाळा संपली की, मायला तिच्या कॉलेजात. शब्द दिलाय. हॅडली बाई साक्षीला होत्या. आणि हॅडली बाई, डेल्बर्ट, हॅडली बाई रडत होत्या आणि म्हणत होत्या, "छान. छान. छान."

मी नाचले. लेरॉय नाचला. माळ्यालाही ओढला.

आणि मग नाचता नाचता मी थांबले. कारण माझ्या डोक्यात एकदम आलं. मी तर खोली सांगितलीच नव्हती. डोकं रिकामं पाठवलं होतं, जुनी जाळी बघायला नव्हती. बाप्यांच्या खेळातल्या माणसाला, ज्याने पोरीच्या हातात काठी नको म्हणून घर सोडलं, त्याला नखभराचा हिशोब कळला कुठून?

मी लेरॉयला विचारलं, काल का नाही आलास? तो म्हणाला, "ट्रक बिघडला." मी म्हटलं, "माझ्याकडे बघून सांग." तो बुटांकडे बघायला लागला.

मग मी चालत मेपलपाशी गेले. झाडाखाली सालं. सूर्यफुलाच्या बियांची. ओली, आत्ताची. आणि बुंध्याशी दबलेली, मातीत मिसळलेली गेल्या उन्हाळ्याचीही. अरे गाढवा. गेल्या वर्षी मी त्याच सालांवरून गावच्या पोरांना शिव्या घातल्या होत्या, आणि त्याही तुलाच लिहून कळवल्या होत्या! तीन तासांचा रस्ता तुडवत यायचास, झाडामागे उभा राहायचास, पंच काठ्या कशा तपासतात ते बघायचास, आणि बहिणीचा फोन उचलायचा नाहीस?

रागावले नाही मी. म्हणजे रागावलेय, पण रडतही होते, आणि अजून रडतेय.

तिचा पुढचा सामना येत्या शनिवारी, आपल्याच मैदानावर, अकराला. मी माझ्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडणार आहे. चेरिल मक्याची भाकरी आणि घेवडा आणणार आहे. किती जणांचं करू म्हणून तिने मघाशी फोनवर विचारलं, मी म्हटलं एक जण वाढव, आणि ती "बरं" म्हणाली. तुझ्या माहितीसाठी, आपल्या मैदानाच्या आसपास एकही झाड नाही. बिया हव्या तेवढ्या खा.

हे मायलाला वाचून दाखवत होते. ती जागी झालीय. मी म्हटलं, अगं, तुझा बाप झाडामागे होता! तिने जांभई दिली. म्हणाली, "मला गेल्या वर्षीपासून माहीत आहे, आत्या. टोपी दिसते त्यांची." मग माझ्या हातून पेन घेतलं. खालची ओळ तिची आहे.

बाबा, डावीकडचे दोन्ही मुद्दाम त्या कोपऱ्यातून मारले. झाडामागून नीट दिसले ना?